शेंडीवाला नारळ

लेकीला नारळाची भीती वाटते. खोवलेलं खोबरं मिटक्या मारत खाते. भीती आहे ती शेंडीची. देवघरातला कलश दिसला की किंचाळत माझ्या पदरामागे. सासूबाई म्हणतात, दृष्ट काढा. काढायची कशानं, तर नारळानंच!

मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ साली सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाबद्दल लिहिलं होतं. तो आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा, मग हळूहळू जवळ आणायचा. आमच्याकडे सशाच्या जागी नारळ आणि खायला गूळपोळी. आधी दाराबाहेर, मग उंबऱ्याशी, आता फ्रिजपाशी. जागा लेकच ठरवते. नवरा म्हणतो, शेंडीच उपटून टाक. देवळाबाहेरच्या किती उपटणार?

आज तिनं लांबूनच नारळाला विचारलं, "तू केस का नाही विंचरत?"