सहीची जागा

प्रगतिपुस्तकात ‘पालकांची सही’ असे छापलेली एक रेघ असायची आणि आमच्या घरात ती रेघ वडिलांची होती. अभ्यास आई घ्यायची, शाळेतून चिठ्ठी आली की बाईंना भेटायला आईच जायची, अक्षरही तिचंच वळणदार. पण सहीच्या वेळी पुस्तक वडिलांच्या पुढ्यात जाई. कुणी तसा नियम केला नव्हता, म्हणूनच तो मोडावा असं कुणाच्या मनात आलं नाही.

लग्नानंतर बँकेत नव्या नावाची नमुना सही द्यावी लागली. माझ्या कपाटातल्या पुस्तकांवर त्यामुळे दोन नावं आहेत. तेंडुलकर सासरच्या नावाचे, इब्सेन माहेरच्या.

त्या इब्सेनचं ‘अ डॉल्स हाउस’ आम्हाला शिकवताना सगळा भर शेवटच्या दारावर असे. नायिका नोरा दार ओढून घेऊन घरातून निघून जाते ते दार. नाटक 1879चं; कोपनहेगनला त्याचा पहिला प्रयोग झाला तेव्हापासून जगानेही दारच लक्षात ठेवलं. पण नाटक उभं आहे ते एका सहीवर. नवऱ्याच्या संमतीशिवाय बाईला कर्ज काढता येत नाही आणि नवऱ्याचा जीव वाचवायला पैसे तर हवेत. म्हणून नोरा कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून वडिलांची सही स्वतःच ठोकते. पकडली जाते तारखेने. वडील वारले 29 सप्टेंबरला, सही आहे 2 ऑक्टोबरची. मेलेल्या पुरुषाची सही चालते, जिवंत बाईची चालत नाही, हे शिकवायला लागल्यावर मला दिसलं. तेव्हापासून मी वर्गात आधी त्या कागदाबद्दल बोलते.

यंदा एम.ए.च्या अंतर्गत मूल्यमापनासाठी ‘स्त्री आणि पुरुषी सत्ता’ हा तौलनिक निबंधाचा विषय होता. एका विद्यार्थिनीने नोरासमोर ताराबाई शिंदे ठेवल्या. बुलढाण्याच्या ताराबाईंचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ 1882चं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी झाली, पण त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त बायकांना नावं ठेवली गेली, तेव्हा ताराबाईंनी शास्त्रकारांपासून सुधारकांपर्यंत एकेकाला धरून जाब विचारला. निबंधाची सुरुवात अशा निबंधांची नेहमी असते तशी होती. आधी साम्यं, मग भेद, आणि ‘दोघीही काळाच्या पुढे होत्या’. हे वाक्य मी खोडलं. काळाच्या पुढे म्हटलं की त्या काळातली माणसं सुटतात. फाशी सुनावणारे, अग्रलेख लिहिणारे, कर्जाचा कागद करणारे सगळे त्याच काळात होते आणि या दोघीही.

चौथ्या पानावर मात्र तिने लिहिलं होतं की नोरा चोरून बापाची सही करते आणि ताराबाई उघडपणे स्वतःचं नाव पुस्तकावर छापतात. एकीला सही करण्याची शिक्षा होते, दुसरीला नाव देण्याची. ताराबाईंवर सत्यशोधक मंडळींतूनही टीका झाली. जोतीराव फुले 1885मध्ये आपल्या ‘सत्सार’मधून त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी पुढे ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. स. गं. मालशे यांनी 1975मध्ये पुन्हा छापेपर्यंत हे पुस्तक जवळजवळ विस्मरणात होतं. हा परिच्छेद कुठल्याही संदर्भग्रंथातून उचललेला नव्हता. तिने दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून, वाचून काढलेला होता. तौलनिक अभ्यासात मला एवढंच हवं असतं आणि ते फार क्वचित मिळतं.

समासात मी दोन प्रश्न लिहिले. पहिला रखमाबाईंचा. 1885मध्ये त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहावर पत्रं लिहिली ती ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने. नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल त्यांना 1887मध्ये मिळाला. नाव देणारी, दुसऱ्याचं नाव घेणारी आणि नाव लपवणारी, या तिघींना एकत्र पाहिल्याशिवाय मांडणी पुरी कशी होईल?

दुसरा प्रश्न जास्त अवघड. नोरा पुरुषाने लिहिलेली आहे. तिच्यामागे लॉरा कीलर नावाची खरी बाई होती. तिनेही नवऱ्याच्या औषधोपचारासाठी चोरून कर्ज काढलं, खोटी सही केली आणि उघडकीला आल्यावर नवऱ्याने तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. ती स्वतः लेखिका होती, इब्सेनच्या ओळखीची होती. ‘हीच ती नोरा’ हा शिक्का तिला आयुष्यभर छळत राहिला. पुरुषी सत्तेवर निबंध लिहायचा तर लेखणी कोणाच्या हातात होती, हे विचारायला नको?

वीसपैकी सोळा दिले. दुसऱ्या दिवशी ती आली. गुणांबद्दल काही बोलली नाही. “मॅडम, लेखणीचं तुम्ही म्हणता ते पटतं, पण मग जर्मनीतल्या त्या नटीचं काय?” हेडविग नीमान-राबे. मी मुलांना सोडून कधीच जाणार नाही, म्हणून हा शेवट करणार नाही, असं तिने सांगितलं. आणि नोरा मुलांच्या खोलीच्या दारातच कोसळते असा दुसरा शेवट इब्सेनला नाइलाजाने लिहून द्यावा लागला. “पुरुषाने बाईला बाहेर काढलं आणि बाईने तिला परत घरात बसवलं. हे कुठे घालायचं?” मी तिला खुर्ची दिली. सत्ता फक्त पुरुषांच्या हातून चालत नाही, ती चांगल्या आईच्या तोंडूनही बोलते, हे माझ्या दोन्ही प्रश्नांत नव्हतं आणि तिच्या प्रश्नात होतं.

हा निबंध ती आता लघुप्रबंधासाठी वाढवते आहे. रखमाबाई घेतल्या आहेत. नीमान-राबे घेतली आहे. 2024पासून महाराष्ट्रात जन्मणाऱ्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं नाव लागतं, तेही तिला शेवटी आणायचं आहे. ते साहित्यात बसत नाही असं सांगणारे भेटतील, मी सांगणार नाही. वाद उरला आहे तो पंडिता रमाबाईंचा. त्यांचं ‘स्त्रीधर्मनीति’ही 1882चंच, पण त्यात उपदेश बायकांना आहे, त्यांनी स्वतःला सुधारावं असा. ती म्हणते, हा वेगळा विषय. मला वाटतं, त्याच वर्षी, त्याच भाषेत एक बाई पुरुषांना जाब विचारते आणि दुसरी बायकांना शिकवण देते, तर ताराबाईंचा आवाज किती एकटा होता ते रमाबाईंशेजारी ठेवल्यावरच कळेल. आणि पुढे याच रमाबाई किती बदलल्या, तेही. सोमवारी ती उत्तर घेऊन येणार आहे.