नकलांच्या पेठेत

मराठीच्या प्राध्यापकाने चीनला जावे असे कारण सहसा उद्भवत नाही. पण २०१९ च्या मे महिन्यात, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हातावेगळे होतात न होतात तोच थोरल्या बहिणीचा फोन आला. "अरे, हा डोक्यात राख घालून चीनला निघालाय. तू बरोबर जा. निदान भांडण तरी करू देऊ नकोस."

हा म्हणजे माझा भाचा. वस्तूंना रूप देणे हा त्याचा व्यवसाय. त्याने तांब्याच्या घाटाचा एक चिमुकला स्पीकर तयार केला होता. बुडाशी गोल, गळ्याशी निमुळता, काठ किंचित बाहेर वळलेला. गळ्यात बोटे अडकवावीत आणि अंगणात, गच्चीवर, कुठेही न्यावा. साच्यासाठी ताईने आपल्या पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. चारशे नग खपले, फोटो जगभर गेले, आणि सहा महिन्यांच्या आत तसलाच तांब्या निम्म्या किमतीला बाजारात आला. त्याचा माग काढता काढता पोर शेन्झेन शहरातल्या हुआछियांगबेइ नावाच्या पेठेपाशी जाऊन पोचले होते. पाटल्या अजून सुटल्या नव्हत्या.

हाँगकाँगहून आगगाडीत बसलो आणि चहा गार व्हायच्या आत शेन्झेनला उतरलो. १९८० साली विशेष आर्थिक क्षेत्र म्हणून या गावाचे नशीब उघडले. आज डोळे फिरतील अशा इमारती. आणि ही पेठ? आपल्या लॅमिंग्टन रोडची आणि पुण्याच्या बुधवार पेठेची सगळी दुकाने तिच्या एका खिशात मावावीत! सुमारे किलोमीटरभर रस्ता, दुतर्फा उंच इमारती, आणि त्यांच्या मजल्या-मजल्यावर हातभर रुंदीचे गाळे. एका गाळ्यात नुसते स्क्रू, दुसऱ्यात नुसत्या तारा, तिसऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढे दिवे, तांदूळ मांडावेत तसे मांडलेले. अ‍ॅपलच्या बिनतारी कर्णफुलांची तर इतकी जुळी भावंडे तिथे नांदत होती, की जन्मदात्यानेही गोंधळावे.

अशा मालाला तिकडे 'शानझाय' म्हणतात. मूळ अर्थ डोंगरावरचे ठाणे. राजाचा अंमल जिथे चालत नाही अशी पुंडांची गढी. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला हा शब्द उगीचच जवळचा वाटतो! २००५ च्या आगेमागे तैवानच्या मीडियाटेक कंपनीने फोनचा सारा मेंदू एकत्र जुळवून तयारच विकायला काढला, आणि संशोधनाचा पैसाही न खर्चता इथले छोटे कारखानदार फोन बनवू लागले. वाचकहो, ते फोन तुम्हीही पाहिले आहेत. एस. टी. स्टँडवर कर्कश गाणी वाजवणारे, दोन सिमकार्डांचे, कोणा बड्या कंपनीच्या नावात एक अक्षर इकडचे तिकडे केलेले! ओळख क्रमांक नसलेले असे फोन आपल्या सरकारने २००९ च्या अखेरीस बंद पाडले.

मी मनाशी 'चोरबाजार' असा शिक्का मारून मोकळा झालो होतो. पण हिंडता हिंडता कळले, की इथली प्रत्येक सारखी वस्तू चोरीची नसते. इथे सामाईक साचे असतात. कोणी एक जण वस्तूचे कवच घडवतो आणि मागेल त्याला विकतो. घेणाऱ्याने आत हवे ते भरावे, वर आपले नाव छापावे. लग्नपत्रिकेचा छापील मजकूर सर्वांचा, नावे तेवढी ज्याची त्याची, तसे हे. भाच्याचा तांब्या मात्र कोणाचा सामाईक नव्हता.

तिसऱ्या दिवशी तो सापडला. एका गाळ्यात, निळा, लाल, पिवळा, ओळीने मांडलेला. गाळ्यावरची मुलगी भाच्याहूनही लहान. एका हाताने डब्यातला भात खात होती. भाच्याने एक तांब्या उचलला. मुलीने हसून गणकयंत्रावर आकडा दाबला आणि पुढे केला. त्याच्याच वस्तूचा घाऊक भाव ती त्यालाच सांगत होती! मी त्याचा दंड धरला. भांडण आता होणार, अशी माझी खात्री होती.

तो काहीच बोलला नाही. तांब्या उलटासुलटा करून पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "मामा, यांनी गळा रुंद केलाय. माझ्यात आवाज घुसमटत होता. माझी चूक यांनी दुरुस्त केली."

त्याने एक नग विकत घेतला. त्या रात्री हॉटेलात दोघांनाही झोप आली नाही. तो कायदा सांगत होता, मी ऐकत होतो. आपल्याकडे २००० सालचा डिझाइन कायदा आहे. नोंदणी केली की रूपावर दहा वर्षे हक्क, अर्ज केला तर आणखी पाच. पण अर्जाआधी रूप जगजाहीर झाले, तर नोंदणी मिळत नाही. आमच्या शहाण्याने फोटो आधी टाकले आणि कायदा मागाहून वाचला! शिवाय भारतातली नोंद शेन्झेनात चालत नाही. तिथला हक्क तिथेच मागावा लागतो.

"मग मोठ्यांना तरी न्याय मिळतो का?" मी विचारले.

तो हसला. अ‍ॅपलने २०११ साली सॅमसंगवर दावा लावला, त्यात फोनचे गोलावलेले कोपरेही होते. २०१२ मध्ये ज्यूरीने १०५ कोटी डॉलर देऊ केले. मग रक्कम वरखाली होत भांडण २०१८ मध्ये तडजोडीने मिटले. आणि गंमत म्हणजे याच शेन्झेनच्या बैली नावाच्या कंपनीने, अ‍ॅपलनेच आमचे रूप उचलले, अशी तक्रार केली. २०१६ साली बीजिंगच्या बौद्धिक संपदा कार्यालयाने ती मान्य केली. २०१७ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो निर्णय फिरवला. गढीतला पुंडही आता सातबारा दाखवू लागला होता!

मला राजशेखर आठवला. हजारएक वर्षांपूर्वी 'काव्यमीमांसे'त त्याने कवींच्या उसनवारीच्या पायऱ्या लावल्या. पहिली आरशातल्या प्रतिबिंबासारखी. दुसरी चित्रासारखी, मूळ तेच पण थोडा संस्कार केलेला. तिसरी सारख्या चणीच्या दोन माणसांसारखी. आणि चौथी परक्या नगरात प्रवेश करावा तशी, बीज तेच पण अवतार सर्वस्वी निराळा. पहिलीला त्याने मान दिलेला नाही.

भाच्याने नीट ऐकून घेतले. मग विचारले, "गळा रुंद केला म्हणजे ते दुसऱ्या पायरीवर. आणि मी, मामा? तांब्या कुठे माझा होता? तो आजीच्या देवघरातला."

मी म्हटले, "तू चौथ्या." पण मन थांबेना. तो घाट पहिल्यांदा कोणा तांबटाने ठोकला, त्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही. त्याचा तांब्या सगळ्यांचा झाला, हे चांगलेच झाले. पण तो सगळ्यांचा होण्याआधी त्या तांबटाच्या घरी चूल पेटत होती ना, एवढाच प्रश्न आहे. कायद्याची ती दहा-पंधरा वर्षे म्हणजे चुलीची मुदत. त्यानंतर रूप जगाचे.

परतल्यावर भाच्याने नवा घाट काढला. या वेळी आधी अर्ज, मग फोटो. दोन वर्षांनी पाटल्या सुटल्या. तो रुंद गळ्याचा तांब्या माझ्या टेबलावर आहे. आवाज खरोखरच मोकळा येतो.

आणि माझे? बारा-तेरा वर्षे मी वर्गात ज्या टिपणांवर नाव कमावत होतो, ती माझ्या गुरुजींच्या व्याख्यानांची होती. मुले ती 'सरांच्या नोट्स' म्हणून उतरून घेत आणि मी घेऊ देत होतो. म्हणजे पायरी पहिलीच! त्या जूनमध्ये कॉलेज उघडले तेव्हा पहिल्या तासाला मी फळ्यावर आधी गुरुजींचे नाव लिहिले, आणि मग विषयाला हात घातला.