बांधापलीकडचं गाजरगवत

लव्हाळा आणि हराळीशी आमचं भांडण पिढ्यान्‌पिढ्यांचं. लव्हाळ्याची गाठ जमिनीत राहिली की कितीही खुरपा, तो वर येणारच. बाजरी पेरल्यावर पहिला महिना नाजूक. तेव्हा खुरपणी चुकली की पाणी, खत, ऊन सगळं तणच खातं. मग युरिया ओतून कणीस भरत नाही. पण ते निदान आमच्या रानातलं तण. गाजरगवत उगवतं रस्त्याकडेला, चारीच्या काठावर, गायरानात, आणि वाऱ्या-पाण्याबरोबर बी आमच्याकडे येतं. एका झाडाला दहा-पंधरा हजार बिया. उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात फूल.

पुण्यात त्याची नोंद १९५५ची. पीएल-४८० कराराखाली आलेल्या अमेरिकी गव्हातून आलं, असं पारावर छातीठोक सांगतात. तो करार १९५६चा; तारखा जुळत नाहीत. अमेरिकी गहू त्याआधीही येत होता, हे मात्र खरं.

आमच्याकडे खुरपायला येणाऱ्या मावशींच्या कोपरापर्यंत चट्टे उठले, पापण्या सुजल्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न गाजरगवताचाच विचारला. आता त्या कामाला होकार देण्याआधी म्हणतात, "काँग्रेस आहे का रानात?" (पक्ष नव्हे, गवत.) हातमोजे आणून दिले, पण मोज्यात खुरपं धरवत नाही आणि उकाड्यात ते अर्ध्या तासात निघतात.

गायरानाचे हाल वेगळे. तिथं पवन्या आणि कुसळी असायची, मेंढरं चरायची. गाजरगवतातलं पार्थेनिन शेजारच्या बियांना नीट रुजू देत नाही, आणि जनावर त्याला सहसा तोंड लावत नाही. चाऱ्याअभावी लावलंच, तर दूध कडवट होतं. मेंढपाळांनी वाट बदलली.

मेक्सिकन भुंगेरेही आणून सोडले. भारतात ते पहिल्यांदा १९८४ मध्ये बंगळुरूला सोडले होते. पावसात त्यांनी पानांची चाळण केली, आम्ही खूश. पावसाळा सरला तसे ते मातीत जाऊन बसले आणि चारीच्या ओलीवर गवत पुन्हा फोफावलं. भुंगेऱ्यांचा उपयोग आहेच, पण एकट्या त्यांच्यावर विसंबणं मला पटत नाही.

तक्रार करायला गेलो, तर रस्ता एका खात्याचा, चारी दुसऱ्याची, गायरान तिसऱ्याचं. म्हणून यंदा फुलोऱ्याआधी, जमीन ओली असतानाच, हातमोजे घालून रस्त्याकडेचंही मुळासकट उपटायला घेतलं. जाणाऱ्या एकानं गाडी थांबवून विचारलं, "रस्ता तुमचा आहे का?"

म्हटलं, "रस्ता नाही. बी पडतं ते रान माझं."