आगगाडीने जागवलेली दरी

आगगाडी आली की गाव मोठे होते, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. कापूस असतो, कोळसा असतो, म्हणून रूळ पडतात. हवा खायला जाणारे प्रवासी मागाहून येतात. स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेनच्या दरीत मात्र मला उलटाच प्रकार दिसला. येथे कापूस नाही आणि कोळसाही नाही. विकण्याजोगी वस्तू एकच, डोंगरांचा देखावा. त्या एका मालासाठी या लोकांनी कड्याकपारींतून रूळ टाकले.

दरी अगदी अरुंद. दोन्ही बाजूंना ताशीव कडे आणि त्यांवरून सुटलेले धबधबे. त्यांतला श्टाउबबाख जवळजवळ ३०० मीटरवरून खाली येतो. येतो म्हणजे काय, निम्मा वाटेत वाऱ्यावरच विरून जातो! १७७९ साली जर्मन महाकवी गटे येथे आला आणि हा धबधबा पाहून त्याला कविता सुचली. त्या काळी येथे येणारे असेच. कवी, चित्रकार आणि सवड असलेले श्रीमंत. पायी किंवा घोड्यावरून यायचे आणि थंडी पडण्यापूर्वी निघून जायचे. मागे राहायचे ते गवत कापणारे आणि गाई राखणारे शेतकरी.

१८९० साली इंटरलाकेनहून गाडी लाउटरब्रुनेनला आणि शेजारच्या ग्रिंडेलवाल्डला आली. पुढच्याच वर्षी कड्यावरच्या म्युरेनला जायची सोय झाली. १८९३ साली वेंगेन गावावरून क्लाइने शायडेकच्या खिंडीपर्यंत दातेरी रुळांची गाडी चढू लागली. रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी, गाडीखाली दातेरी चाक; ते एकेक दाता धरत वर सरकते.

त्याच वर्षी झुरिककडचे एक कारखानदार, आडोल्फ गुयर-त्सेलर, यांच्या मनात आले की गाडी थेट युंगफ्राउच्या शिखरावर न्यावी. काम १८९६ साली सुरू झाले. गृहस्थ हिशेबी होते. जेवढा मार्ग तयार होईल तेवढा लगेच खुला करायचा आणि तिकिटांच्या पैशांनी पुढचा खणायचा! १८९९ साली ते वारले. बोगदा मात्र आयगर पर्वताच्या पोटातून पुढे जात राहिला. खणणारे बहुतेक इटालियन मजूर. त्यांतल्या सुमारे तिसांनी प्राण गमावले. १ ऑगस्ट १९१२ रोजी गाडी ३४५४ मीटर उंचीच्या युंगफ्राउयोखला पोहोचली. शिखर अजून ७०० मीटर वर होते. ते तसेच राहिले, हे एका परीने बरेच झाले.

ही गाडी पहिल्यापासून विजेवर चालते, आणि ती वीज दरीतल्या नदीच्या पाण्याची. आग नाही, तरी आपण तिला आगगाडीच म्हणायचे!

आमच्या डब्यात अचानक मराठी कानी पडले. एक आजीबाई शालीत गुरफटून मुलाला विचारत होत्या, "अरे, पण इतक्या वर गाडी न्यायचं सुचलं कुणाला?" मुलगा हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

कारण त्या सुचण्याने दरीचे वर्षच बदलले. पूर्वी हिवाळा म्हणजे बंद दारे. गाड्या हिवाळ्यातही धावू लागल्या आणि बर्फावर घसरायला इंग्रज येऊ लागले. १९२२ साली आर्नल्ड लन यांनी म्युरेनला स्कीइंगची स्लालोम शर्यत भरवली; १९३० पासून वेंगेनची लाउबरहॉर्न शर्यत सुरू झाली. ज्या बर्फाने गाव कोंडले जाई, तोच बर्फ त्याला पोसू लागला.

आणखी एक गोष्ट. वेंगेनला मोटारीचा रस्ताच नाही. प्रवासी, सामानसुमान, सारे गाडीने वर येते. आपले माथेरान ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या शांततेची गोडी सांगायला नको. गाडीने माणसे आणली, पण मोटारी दाराशी आणल्या नाहीत. म्हणून गाव गावासारखे राहिले.

काळजी आहे ती वेगळीच. डिसेंबर २०२० पासून ग्रिंडेलवाल्डहून तारेवरचा पाळणा पंधरा मिनिटांत आयगरग्लेचर स्थानकावर पोहोचवतो. सकाळी इंटरलाकेनहून निघावे, वर फोटो काढावेत, संध्याकाळी परत! पूर्वीची गाडी हळू होती, म्हणून माणूस वाटेत मुक्काम करी. आणि खाणावळी चालत त्या मुक्कामावरच. शिवाय बर्फही मागे सरतो आहे. एकोणिसाव्या शतकात ग्रिंडेलवाल्डच्या खालच्या हिमनदीचे टोक गावाजवळ येई. आता ती वर घळीत दडली आहे. तेव्हा बर्फ माणसाच्या भेटीला यायचा, आता माणसाला वर जावे लागते.

तेव्हा वाचकहो, जाल तर एक रात्र वेंगेनला काढा. शेवटची गाडी खाली गेली की पलीकडच्या कड्यावरचे दिवे दिसतात आणि घंटा वाजल्या तर त्या गाईंच्याच असतात. तिकिटाचे पैसे वर फिटतातच. मुक्कामाचे येथे फिटतात.