बॅकस्पिन आला? नुसता ढकला!

बॅकस्पिन ढकलून काढता येतो! सरळ, पुढे, बॅट न उघडता! लाँग पिंपल्सचं, म्हणजे लांब दाण्यांच्या रबराचं, हे वैभव इतकी वर्षं टेबल टेनिस खेळूनही माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

साध्या रबरावर बॅकस्पिन आला की बॉल नेटमध्ये जायलाच टपलेला असतो. म्हणून बॅट उघडायची, बॉलच्या पोटाखालून जायचं, नाहीतर गुडघ्यांत वाकून लूप मारायचा. परवा बॅकहँडला लाँग पिंपल्स लावले. सर म्हणाले, "कापू नकोस. बॅट उभी धर आणि बॉल वर येतानाच पुढे ढकल." ढकलला! नेटला घासेल इतका खालून, सपाट निघून गेला. समोरच्याने सवयीने बॅट उघडून पुश केला आणि बॉल उंच, अगदी माझ्या फोरहँडवर! अहाहा!

हे घडतं कसं? या रबराचे दाणे उंच, बारीक. नियमाने दाण्याची उंची व्यासाच्या १.१ पटीपर्यंतच चालते. बॉल लागला की वाऱ्यात ज्वारीचं ताट वाकावं तसे ते वाकतात, बॉलला धरून ठेवत नाहीत. त्यामुळे फिरकी मोडतच नाही. बॉल ज्या अंगाने फिरत आला त्याच अंगाने फिरत परत जातो; उलटते ती फक्त त्याची वाट. म्हणजे समोरच्याचाच बॅकस्पिन त्याच्याकडे टॉपस्पिन होऊन जातो! त्याने जितकं जीव तोडून कापावं, तितकं आपलं फावतं. अवघड जातो तो फिरकीच नसलेला संथ बॉल. तिथे उसनं घ्यायला काही नसतं, सगळं आपल्यालाच घालावं लागतं.

बॅकहँडला असेच पिंपल्स लावणाऱ्या मनिका बत्राच्या २०१८च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेतल्या मॅचेस मी पुन्हा लावून बसले. सिंगापूरच्या फेंग तियानवेईला तिने सांघिक फायनलमध्ये हरवलं आणि एकेरीच्या सेमीफायनलमध्येही! तेव्हा मी नुसते पॉइंट मोजले होते. आता नजर तिच्या बॅकहँडवरून हलत नाही. मध्येच ती हातातल्या हातात बॅट फिरवते, पिंपल्स फोरहँडला आणते. दोन बाजूंचे रंग वेगळे असूनही समोरचीला ते टिपायला किती कमी वेळ मिळतो!

माझं रबर बिनस्पंजाचं आहे. पातळ स्पंज असला तर बॅकस्पिन नुसता ढकलायचा नाही, फटकावायचाही. तो मागवलाय. तोवर सरांना सांगून ठेवलंय, प्रत्येक सर्व्हिस कापूनच टाका, हवी तितकी जड!