आमचा त्रिवेणी छंद

भोपाळसारख्या शहरात राहणाऱ्या मराठी माणसाकडून मंडळाच्या सभासदांच्या काही ठरलेल्या अपेक्षा असतात. त्याने गणेशोत्सवाची वर्गणी वेळेवर द्यावी, कुमार गंधर्वांच्या देवासच्या आठवणी सांगाव्यात (मैफल ऐकलेली असो वा नसो), आणि लिहावयाचे झाल्यास बृहन्महाराष्ट्रातील मराठीच्या अवस्थेवर चार पाने लिहावीत. यांपैकी पहिली अपेक्षा आम्ही नियमाने पुरी करतो. लिहिण्याच्या बाबतीत मात्र आज निराळ्या विषयाला हात घालीत आहोत. आम्हांला तीन छंद आहेत: संगीत, भयकथा आणि दूरचित्रवाणीवरील अमेरिकी कुस्ती. पहिल्याविषयी कोणाची तक्रार नसते. दुसऱ्याकडे लोक कानाडोळा करतात. तिसऱ्याचे नाव निघाले की चारचौघांत हसू पिकते आणि आमच्या सौ. कप आवरण्यासाठी उठतात.

इंद्रपुरी ही भेलच्या कारखान्याच्या छायेत, रायसेन रोडच्या कडेला वाढलेली वस्ती. पिपलानी आणि बरखेड्याच्या कारखानी वसाहतींशी तिचा घरोबा जुना. येथे अभियंते फार, आणि अभियंत्याला खोटी गोष्ट खपत नाही. शेजारचे एक निवृत्त अभियंते आमच्या खिडकीतून येणारा कुस्तीचा गलका ऐकून गेली कित्येक वर्षे एकच वाक्य म्हणतात, "अहो, तो ठोसा लागतच नाही हो त्याला!" लागत नाही हे आम्हांलाही दिसते. ठोसा मारताना मारणाऱ्याचा पाय जमिनीवर आपटतो व आवाज त्याचा येतो, हेही आम्ही त्यांना सांगून पाहिले. पण ज्याला गुपित उघड करावयाचे असते, त्याला ते आधीच ठाऊक असलेला माणूस भेटला की तो अधिकच चिडतो.

आपल्याकडे ठरवून खेळलेल्या लढतीला 'नुरा कुस्ती' असा शब्द आहे आणि तो शिवी म्हणूनच वापरला जातो. ते योग्यच आहे. शाहू महाराजांच्या काळात, 1912 साली, कोल्हापूरला खासबाग मैदान उभे राहिले. त्या मातीत हलगीच्या तालावर जो मल्ल उतरतो त्याने नुरा खेळणे म्हणजे मातीशी बेइमानी. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळविले, श्रीपती खंचनाळे 1959 साली पहिले हिंद केसरी झाले. ही परंपरा ज्याच्या घरात सांगितली जाते त्याने पडद्यावरच्या लुटुपुटीच्या मारामारीकडे नाक मुरडले तर आम्ही वाद घालणार नाही. पण नुरा आणि हे प्रकरण एक नव्हे. नुरात फसवणूक असते, कारण प्रेक्षक ती खरी समजून पैसे देतो. अमेरिकेत खुद्द मालकांनीच 1989 साली न्यू जर्सी राज्याच्या कायदेमंडळापुढे हा खेळ नसून मनोरंजन आहे असे कबूल केले, आणि तेही उदात्त हेतूने नव्हे; खेळांवर असलेली सरकारी देखरेख व कर टाळण्यासाठी. रोलाँ बार्थ या फ्रेंच लेखकाने तर 1957 सालच्या आपल्या पुस्तकाचा पहिलाच निबंध या कुस्तीवर लिहिला आणि हा खेळ नसून देखावा आहे असे बजावले. बार्थचे नाव घेतल्यावर आमच्या मंडळातील दोन प्राध्यापक सभासद या छंदाकडे जरा आदराने पाहू लागले, हे येथे नमूद करावेसे वाटते.

आम्हांला विचाराल तर या कुस्तीचा प्राण लढतीत नाही, प्रवेशात आहे. संगीत नाटकात पात्र पदासह रंगमंचावर येई आणि त्या पदावरूनच प्रेक्षक त्याची जात ओळखत. कोकणातील दशावतारात पखवाज, झांज आणि पायपेटीच्या साथीने काळ्या वेषातला, मुखवटा चढविलेला संकासुर येतो; तो वेद पळविणार आणि अखेर विष्णूच्या हातून मरणार हे लहान पोरालाही माहीत असते. म्हणून कोणी उठून जात नाही. अमेरिकेत 1940च्या दशकात गॉर्जस जॉर्ज नावाचा मल्ल कुरळ्या सोनेरी केसांनिशी, झगा पेलवीत, एल्गार या इंग्रज संगीतकाराच्या गंभीर संचलनगीताच्या सुरांवर आखाड्यात येऊ लागला. तेव्हा मल्लाला संगीत आणि संगीताला मल्ल मिळाला.

मग 1990 साली, 22 नोव्हेंबरला, 'अंडरटेकर' आला. शब्दाचा अर्थ प्रेतसंस्काराचा व्यवसाय करणारा. काळी हॅट, लांब काळा कोट, आणि पुढे लवकरच त्याच्याबरोबर पॉल बेअरर नावाचा पांढराफटक व्यवस्थापक. हे नाव म्हणजे इंग्रजीत 'खांदेकरी' या शब्दावरची कोटी. आणि मौज अशी की नट असलेला हा गृहस्थ प्रत्यक्षातही त्या व्यवसायाचे रीतसर शिक्षण घेतलेला, परवानाधारक होता. सगळ्या खोट्यात तेवढे एक खरे! पाठीमागे संगीत होते ते शोपँच्या पियानोवरील अंत्ययात्रेच्या संचलनावर बेतलेले. प्रथम घंटेचा एक ठोका. मग अंधार. मग ती चाल. आणि तो माणूस इतका सावकाश चालत येई की लढत तीन मिनिटांची आणि प्रवेश चार मिनिटांचा.

त्याच वर्षांत आम्ही भारत भवनात ध्रुपद ऐकू लागलो होतो. उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर येथील ध्रुपद केंद्रात शिकवीत. मूळचे उज्जैनचे उदय भवाळकर त्यांच्याकडेच तयार झाले. खर्जातला षड्ज लागल्यावर उस्ताद पुढच्या स्वराकडे जाण्याची घाई करीत नसत. श्रोत्याला तो स्वर येणार हे माहीत असे, कोठे येणार हेही माहीत असे, आणि तरी तो येईपर्यंत जीव टांगलेला राही. ही तुलना ऐकून एका बुजुर्ग श्रोत्याने आमच्याशी महिनाभर बोलणे टाकले होते. आम्ही ती मागे घेतलेली नाही. कोण थोर आणि कोण क्षुद्र हा प्रश्नच येथे नाही. थांबून राहण्याची जी गोडी आम्हांला सकाळी आलापीत लागली, तीच रात्री त्या घंटेत सापडली, एवढेच म्हणणे आहे.

भयपटांचेही तेच. हिंदी चित्रपटांतील जुनी भुते बहुतेक तोतया. 'महल' 1949चा, 'बीस साल बाद' 1962चा, 'वह कौन थी' 1964चा. तिन्हींत पांढऱ्या साडीतली किंवा दुरून गाणारी बाई अखेर हाडामासाची निघते. ('मधुमती' हा सन्मान्य अपवाद.) पण खेमचंद प्रकाश, हेमंतकुमार आणि मदनमोहन यांनी ती तोतयागिरी इतक्या इमानाने सुरांत बांधली की भूत खोटे ठरल्यावरही गाणे खोटे ठरत नाही. 'महल'च्या ध्वनिमुद्रिकेवर तर प्रथम लता मंगेशकरांचे नावच नव्हते. गायिका म्हणून 'कामिनी' हे चित्रपटातल्या पात्राचे नाव छापले होते. म्हणजे आवाज खरा आणि नाव भुताचे.

रामसे बंधूंनी ही पडदानशिनी संपविली व भूत सरळ समोर आणून उभे केले. त्यांच्या वडिलांचा व्यवसाय मुळात रेडिओच्या दुकानाचा. 1970 सालचा त्यांचा एक चित्रपट पडला, पण त्यातल्या एका प्रसंगात पृथ्वीराज कपूर राक्षसी मुखवटा घालून चोरी करतात तेवढा प्रेक्षकांनी उचलून धरला. तोच धागा पकडून 1972 साली 'दो गज जमीन के नीचे' निघाला. 'पुराना मंदिर'मधला सामरी ज्यांनी उभा केला ते अनिरुद्ध ऊर्फ अजय अगरवाल शिक्षणाने रुडकीचे स्थापत्य अभियंता होते. ही माहिती आम्ही शेजारच्या अभियंत्यांना दिली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मराठीत नारायण धारपांनी या वाटेवर एकट्याने किती मजल मारली हे आता, 2018 सालच्या 'तुंबाड'नंतर, नव्या पिढीला कळू लागले आहे; आमच्या लहानपणी वाचनालयातून आणलेला धारप अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचावा लागे.

'पुराना मंदिर' प्रदर्शित झाला तो 1984च्या ऑक्टोबरात. त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी, 2 आणि 3 डिसेंबरच्या मधल्या रात्री, या शहरात काय झाले ते जगाला माहीत आहे. आम्ही तेव्हा दहा वर्षांचे होतो. कीटकनाशकांचा तो कारखाना शहराच्या उत्तरेला, आमची वस्ती त्यापासून दूर; वारा आमच्या बाजूचा नव्हता. आमच्या घरात कोणाला काही झाले नाही. पहाटे रायसेन रोडवरून माणसे चालत येताना दिसली. कोणी अनवाणी, कोणी पोराला पाठीशी घेऊन, डोळे सुजलेले. आई ओट्यावर पाण्याची बादली आणि पेला घेऊन बसली होती. आम्ही तिच्या मागे उभे होतो. त्या माणसांत बोलणे नव्हते, खोकणे होते.

भोपाळच्या माणसाने भुताखेतांचे चित्रपट आवडीने पाहावेत हे कसे, असे आम्हांला पुण्याच्या एका आप्तांनी विचारले होते. प्रश्न रागाचा नव्हता, म्हणून आम्ही त्यावर पुष्कळ विचार केला. पुढे मोठेपणी त्या रात्रीविषयी वाचताना एक तपशील मनात रुतून बसला. कारखान्याचा वस्तीला सावध करणारा भोंगा वाजला होता, पण थोड्याच वेळात तो बंद करण्यात आला. लोक झोपेत होते. पडद्यावरचे भूत असे कधी करीत नाही. ते येण्यापूर्वी दार कुरकुरते, कुत्रे रडते, व्हायोलिने चढत जातात. अंडरटेकर येण्यापूर्वी घंटा होते. भिण्यासाठी माणसाला वेळ दिला जातो. खऱ्या संकटाने या शहराला तेवढीही सवड दिली नव्हती. आमच्या आप्तांना आम्ही एवढेच कळविले. त्यांचे उत्तर आले नाही, पण पुढच्या दिवाळीला त्यांनी रत्नाकर मतकरींचा एक गूढकथासंग्रह पाठविला.

खोट्याला खऱ्याची बाधा होते तेव्हा मात्र आमच्यासारख्यांची पंचाईत होते. 28 जून 1998 रोजी अंडरटेकरने मिक फॉली या मल्लाला सोळा फूट उंच पिंजऱ्यावरून खाली टाकले. पडणे ठरलेले होते. पण जमीन जमीनच असते. 23 मे 1999ला ओवेन हार्ट हा मल्ल दोरावरून नाट्यमय प्रवेश करण्यासाठी छतापाशी चढला आणि तेथून कोसळून मरण पावला. म्हणजे ज्या प्रवेशाचे कौतुक आम्ही वर इतके केले, त्यानेच त्याचा जीव घेतला. कार्यक्रम त्या रात्री पुढे चालू ठेवण्यात आला. हे आम्हांला आजही क्षम्य वाटत नाही. आणि 2007च्या जूनमध्ये ख्रिस बेन्वा. त्याच्या तंत्राचे आम्ही भक्त होतो. या पेशातही खऱ्या कुस्तीच्या जवळ जाणारे जे थोडे होते त्यांत तो पहिला. त्याने पत्नीचा व सात वर्षांच्या मुलाचा खून करून आत्महत्या केली. सत्य बाहेर येण्याच्या आत त्याला श्रद्धांजली वाहणारा तीन तासांचा कार्यक्रम प्रक्षेपित होऊनही गेला होता. वर्षानुवर्षे डोक्यावर बसलेल्या मारांनी त्याच्या मेंदूची कशी हानी झाली होती ते डॉक्टरांनी नंतर तपासून सांगितले. आमच्याकडे त्याच्या लढतींच्या सीडी होत्या. त्या आम्ही टाकल्या नाहीत, आणि त्यानंतर लावल्याही नाहीत. पुतण्याने एकदा विचारले, "काका, ह्या बघायच्या नाहीत तर ठेवल्या कशाला?" त्याला उत्तर देता आले नाही.

पुतण्याशी आमचे एरवी चांगले जमते. आमच्या तरुणपणी मिळणारे कुस्तीवीरांचे पत्ते, ज्यांवर छाती, दंड, उंची, वजन आणि क्रमांक छापलेला असे, त्याला आम्ही दिले आहेत. त्याने त्यातूनच एक दिवस आम्हांला कोंडीत पकडले. 1996 सालच्या 'खिलाडियों का खिलाडी' या हिंदी चित्रपटात अक्षयकुमार ज्या अंडरटेकरशी लढतो तो पत्त्यावरच्या चित्रासारखा का दिसत नाही? कारण तो दुसराच, ब्रायन ली नावाचा मल्ल. आणि गंमत पुढेच आहे: अमेरिकेतही 1994 साली ब्रायन ली यानेच 'तोतया अंडरटेकर' म्हणून खऱ्या अंडरटेकरशी लढत दिली होती. म्हणजे हिंदी चित्रपटाने नक्कल आणावयाची ठरविली तीही अधिकृत नक्कल आणली!

खऱ्या अंडरटेकरने निरोप घेतला तो 2020च्या नोव्हेंबरात, पहिल्या प्रवेशाला बरोबर तीस वर्षे झाली त्या दिवशी. महामारीमुळे प्रेक्षागृहात माणसे नव्हती, भिंतीभर पडद्यांवर घरोघरच्या प्रेक्षकांचे चेहरे होते. आमच्याकडे तेव्हा सोमवारची सकाळ. पॉल बेअरर 2013 सालीच वारलेला, म्हणून त्याची प्रकाशाकृती उभी केली होती. त्या भुतापुढे अंडरटेकरने गुडघा टेकला. मग घंटेचे दहा ठोके झाले. आम्ही ते मोजत होतो. सौ. स्वयंपाकघरातून आल्या आणि दारातच थबकल्या.

"अहो, कोण गेलं?"

"कोणी नाही. निवृत्त झाला."

त्या शेवटच्या ठोक्यापर्यंत तेथेच उभ्या राहिल्या, आणि मग चहा गाळायला गेल्या.