पदक आणि पडसे

गेल्या जानेवारीत मुंबईची २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन मी धावून पूर्ण केली. पदक मिरवून झाले, अन् तिसऱ्या दिवशी सर्दी-तापाने आडवी पडले. माझे ठीक, पण तेच पडसे दम्याच्या बाबांना लागले. आठ दिवस त्यांच्या छातीची घरघर ऐकत होते.

‘‘एवढं धावतेस, मग आजारी कशी?’’ रोज पाऊण तास चालून ठणठणीत असलेल्या आईने विचारले.

प्रश्न जुनाच. १९८२ साली केपटाउनच्या ५६ किलोमीटर शर्यतीनंतर पंधरवड्यात एकतृतीयांश धावपटूंना सर्दी-घशाचा त्रास झाला; न धावणाऱ्यांत जेमतेम त्याच्या निम्म्यांना. अतिश्रमानंतर रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी काही तास घटतात. त्या खचतात असा समज होता. आता काही शास्त्रज्ञ म्हणतात, त्या फुफ्फुसांसारख्या जागी पहाऱ्याला जातात. आजाराचे मूळ गर्दी, प्रवास नि जागरणात असते. (आदल्या रात्री मी तीन तास झोपले होते!) आईसारख्यांच्या नेमाच्या चालण्याबद्दल मात्र वाद नाही.

यंदाही नाव नोंदवलेय. शर्यतीनंतर आठवडाभर मैत्रिणीकडे राहीन, असे बाबांना सांगितले.

‘‘राहा. पण पदक खिडकीतून दाखवून जा,’’ ते म्हणाले.